वाचकांचे प्रश्न : ॲजाइल अंगवळणी पडलं की नाही, ओळखायचं कशावरून?

‘आमच्याकडे ॲजाइल सुरू झालं, पण ते कितपत जमलंय हे कसं कळणार?’ या अर्थाची बरीच पत्रं आली आहेत. ॲजाइल म्हणजे काम छोट्या टप्प्यांत पुरं करत, वापरणाऱ्याचं म्हणणं ऐकत पुढे जायची पद्धत. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत, प्रत्येक पत्राखाली आमचं उत्तर. पत्रं थोडी आखडली आहेत आणि कंपन्यांची व लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

हिंजवडीतल्या एका आयटी सेवा कंपनीत माझ्याकडे २४ टीम आहेत. दर तिमाहीला ६० प्रश्नांची मॅच्युरिटी प्रश्नावली भरून घेतो, प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. वर्षभरात सरासरी २.८ वरून ४.१ वर गेली. क्लायंटची तक्रार मात्र जुनीच आहे : काम उशिरा मिळतं. चूक कुणाची, प्रश्नावलीची की क्लायंटची?

क्लायंटचं बरोबर आहे. तुमची प्रश्नावली भलतंच काहीतरी मोजते आहे. ‘स्टँडअप (उभ्यानं घ्यायची छोटी बैठक) रोज होतो का’, ‘रेट्रो (झालेल्या कामाचा आढावा) घेता का’, ‘बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) वेळच्या वेळी आवरता का’ असल्या प्रश्नांना ५ गुण मिळवायला कॅलेंडरवर मीटिंग टाकली की पुरतं. उत्तरं देणार टीमच, आणि आकडा वाढला नाही तर जाब विचारला जाणार हे तिला पक्कं ठाऊक. त्यातून सरासरी. ऑटोमेटेड टेस्टिंगला १ आणि स्टँडअपला ५ मिळाले की मधला ३ येतो, आणि ३ पाहून कुणालाच काही करावंसं वाटत नाही. खरी दुखरी जागा त्या १ मध्ये होती.

ही सवय जुनी आहे. नव्वदच्या दशकापासून आपल्या आयटी कंपन्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेनं काढलेल्या सीएमएम मॉडेलच्या (सॉफ्टवेअर बनवायची पद्धत किती मुरली आहे ते पाच लेव्हलांत जोखणारं) पाचव्या लेव्हलमागे धावल्या. परदेशी काम मिळवायला त्याचा उपयोगही झाला. तेव्हापासून नवीन काहीही आलं की ‘आपण कितव्या लेव्हलला?’ हा प्रश्न आधी येतो. ॲजाइलचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून केला. त्याच्या १२ तत्त्वांतलं एक सरळ म्हणतं की प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालतं सॉफ्टवेअर. किती बैठका झाल्या याचा त्यात हिशेब नाही.

तेव्हा सुरुवात एकाच आकड्यानं करा. क्लायंटनं ‘हे करा’ म्हटल्यापासून ते त्याच्या वापरात येईपर्यंत किती दिवस गेले? २४ टीमवर एकदम नको, तीन घ्या : एक चांगली चाललेली, एक अडखळणारी, एक मधली.

घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, हे आधी लिहून ठरवा. सगळा घोळ इथेच होतो. जिरातली (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) ‘क्रिएटेड’ तारीख धरू नका. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सहज टाकून ठेवलेली कल्पनाही त्यात येते. काम करायचं पक्कं झालं आणि त्याचं टिकिट, म्हणजे जिरातली नोंद, ‘सिलेक्टेड’ किंवा तत्सम कॉलममध्ये आलं, ती तारीख सुरुवातीची. शेवट म्हणजे प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर, गेल्याची तारीख. ‘डेव्ह डन’, ‘क्यूए डन’ असे टप्पे शेवट म्हणून धरले की उशीर नेमका पुढच्या टप्प्यात जाऊन लपतो. दिवस मोजताना शनिवार-रविवार वगळू नका, क्लायंट रविवारीही वाटच पाहत असतो.

आता गेल्या तीन महिन्यांत पूर्ण झालेली टिकिटं एक्सेलमध्ये उतरवा : सुरुवात, शेवट, वजाबाकी. सरासरीवर थांबू नका. समजा ४० टिकिटं आहेत. दिवसांच्या चढत्या क्रमानं लावा आणि ३४ व्या टिकिटाचे दिवस पाहा. ४० चे ८५ टक्के म्हणजे ३४. सरासरी १२ दिवस आणि ३४ वं टिकिट २९ दिवसांचं निघालं, तर क्लायंटला द्यायचा वायदा २९ चा. सरासरीचा वायदा दिला की बरीच कामं त्याच्या पुढे जातात, आणि क्लायंटच्या लक्षात तीच राहतात.

मग याच टिकिटांचा आलेख काढा. आडव्या अक्षावर पूर्ण झाल्याची तारीख, उभ्यावर लागलेले दिवस. ठिपके महिनाभर विखुरलेले दिसले तर काम सलग वाहतं आहे. दर दुसऱ्या शुक्रवारी ठिपक्यांचे उभे खांब दिसले तर दोनच शक्यता आहेत. एक, सगळं काम खरोखर स्प्रिंटच्या (कामाच्या दोन आठवड्यांच्या फेरीच्या) शेवटच्या दिवशी प्रॉडक्शनवर जातं. दोन, काम कधीही होवो, स्क्रम मास्टर (टीमची पद्धत सांभाळणारा) शुक्रवारी संध्याकाळी बसून सगळी टिकिटं एकगठ्ठा ‘डन’ला ओढतो. दुसरी शक्यता असेल तर आधी ती सवय मोडा, नाहीतर पुढचं सगळं गणित मातीत. आणखी एक चलाखी तपासा : स्प्रिंटमध्ये न संपलेलं टिकिट बंद करून त्याच नावाचं ‘पार्ट २’ उघडलेलं असतं. त्यानं घड्याळ शून्यावर येतं. नावात ‘पार्ट २’ किंवा ‘कंटिन्यूड’ असलेली टिकिटं शोधा आणि मूळ टिकिटाला जोडून दिवस मोजा.

शेवटची पायरी कंटाळवाणी आहे, पण खरं उत्तर तिथेच मिळतं. सर्वाधिक दिवस लागलेली पाच टिकिटं घ्या आणि प्रत्येकाचा एकेक दिवस कुठे गेला ते टीमसोबत बसून लिहा. साधारण असं काहीतरी निघतं : विश्लेषण २ दिवस, कोडिंग ३, कोड रिव्ह्यूसाठी पडून ४, टेस्ट एन्व्हायर्न्मेंट मोकळं होईपर्यंत ५, टेस्टिंग १, क्लायंटकडून यूएटी (स्वतः वापरून पाहण्याची चाचणी) होईपर्यंत ९, रिलीजच्या तारखेपर्यंत १२. एकूण ३६ दिवस, त्यात कुणाचा हात लागला असे ६. म्हणजे सुमारे १७ टक्के वेळ काम, बाकी वाट पाहणं. डेव्हलपरला दामटून कोडिंग तीनचं दोन दिवसांवर आणलं तरी ३६ चे ३५ होतील. यूएटीचे ९ आणि रिलीजचे १२ दिवस टीमच्या हातात नाहीत. ते तुमच्या आणि क्लायंटच्या टेबलावर आहेत. टीमचं ॲजाइल मोजायला निघालेल्या मॅनेजरला शेवटी स्वतःच्याच खुर्चीपाशी यावं लागतं, ते असं.

प्रश्नावली टाकून द्यायची गरज नाही, फक्त दिवस का लागतात हे शोधायला वापरा. ६० चे १० प्रश्न करा आणि प्रत्येकाला पुरावा मागा. ‘रेट्रो होते का’ याऐवजी ‘गेल्या तीन रेट्रोंत ठरलेल्या गोष्टींपैकी झालेल्या दाखवा’. ‘प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) उपलब्ध असतो का’ याऐवजी ‘गेल्या पाच शंकांना उत्तर किती तासांत आलं’. उत्तर हो किंवा नाही, नाहीतर थेट संख्या. १ ते ५ चा खेळ नको.

लंडनजवळ क्लायंटच्या बाजूला काम करतो. पुण्याच्या व्हेंडरशी आमचा करार स्टोरी पॉइंटवर आहे, पूर्ण झालेल्या पॉइंटमागे पैसे. टीमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पुरे होणारे पॉइंट) वर्षात दुप्पट झाली, पण फीचर तेवढेच. वरिष्ठांना आता सगळ्या टीमची व्हेलॉसिटी एका तक्त्यात हवी आहे.

तक्ता बनवू नका. स्टोरी पॉइंट हा एका टीमनं स्वतःच्या अंदाजासाठी ठरवलेला सापेक्ष आकडा आहे. एका टीमचा ५ दुसऱ्या टीमचा १३ असू शकतो आणि दोघंही बरोबर असतात. त्याला पैसे चिकटवले की कुणी मुद्दाम फसवलं नाही तरी आकडा फुगतो. अंदाजाच्या वेळी ३ की ५ अशी शंका आली की ५ लिहिला जातो, एवढंच. वर्षभरात दुप्पट व्हायला तेवढं पुरतं.

स्क्रम या ॲजाइल पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘स्टोरी पॉइंट’ हे दोन्ही शब्द नाहीत, हे वरिष्ठांना जरूर सांगा. त्याआधी २०११ मध्येच स्प्रिंटमधल्या कामाला ‘वचन’ म्हणणं सोडून ‘अंदाज’ म्हटलं गेलं. तरी ‘कमिटेड किती, डिलिव्हर्ड किती’चे रिपोर्ट अजून सगळीकडे फिरतात. त्या रिपोर्टवर टीमला धारेवर धरलं की ती कमी काम घ्यायला शिकते आणि दर वेळी १०० टक्के दाखवते.

करार बदलता येत असेल तर पैसे टीमच्या क्षमतेचे द्या, दोन आठवड्यांच्या हिशेबानं, आणि दोन्ही बाजूंना ठरावीक नोटिशीनं बाहेर पडता येईल असं कलम ठेवा. काम स्वीकारायचं ‘डेफिनिशन ऑफ डन’वर. ती करारातच जोडा आणि मोघम ठेवू नका : रिव्ह्यू झालेला, मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झालेला, टेस्ट पास झालेल्या, तुमच्या स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सिस्टिमवर) चालून दाखवलेला कोड. करार बदलणं शक्य नसेल तर निदान स्वतःसाठी पूर्ण झालेल्या टिकिटांची नुसती संख्या आणि दिवस ठेवा. पॉइंट दुप्पट आणि टिकिटं तेवढीच, हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर वेगळं समजावावं लागत नाही.

मुंबईत एका बँकेच्या आयटी विभागात आहे. प्रॉडक्शन रिलीज महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री. ऑडिट, मंजुरी, सगळं आलं. वरून सांगितलंय की ‘डोरा मेट्रिक्स’ द्या. महिन्याला एक रिलीज असताना त्यात दाखवायचं काय?

डोरा हा सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवर संशोधन करणारा गट. त्याचे मूळ चार आकडे असे : रिलीज किती वेळा होतं, कोड कमिट झाल्यापासून प्रॉडक्शनवर जायला किती वेळ लागतो, किती टक्के रिलीज बिघडतात, आणि बिघडल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. पहिला तुमच्याकडे ठरलेलाच आहे, त्याचा आलेख काढून उपयोग नाही. दुसऱ्यात मात्र पुष्कळ दडलं आहे. रिलीज महिन्यातून एकदा असेल तर तयार झालेला बदल नुसत्या तारखेसाठी सरासरी १५ दिवस थांबतो. पंधरवड्याला एक केला तर साडेसात. टीमनं कितीही जीव तोडला तरी हे दिवस तिच्याकडून कमी होणार नाहीत, म्हणून ते वेगळे काढून दाखवा. मंजुरीची वाट पाहण्यात गेलेले दिवसही वेगळे.

‘बिघडलेलं रिलीज’ म्हणजे काय, हे आकडा देण्याआधी लिहून घ्या. आमची शिफारस : रिलीजनंतर सात दिवसांत रोलबॅक (बदल मागे घेणं), हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) किंवा पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे गंभीर तक्रार, यातलं काहीही झालं तर बिघडलं. व्याख्या नसली की हॉटफिक्सला ‘प्लॅन्ड पॅच’ म्हणण्याची पद्धत पडते. वर्षाला १२ रिलीज असताना टक्केवारीला फारसा अर्थ नाही. तीन बिघडले तर २५ टक्के, चार बिघडले तर ३३. टक्क्यांऐवजी त्या तीन-चार रिलीजची यादी द्या : काय बिघडलं, किती वेळात सावरलं, त्यात किती बदल एकत्र गेले होते. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. ६० बदल एका रात्री गेले की त्यातला नेमका कुठला नडला हे शोधण्यातच सकाळ होते.

नियम मोडायची गरज नाही. मजकूर किंवा कॉन्फिगरेशनचे वारंवार होणारे, कमी जोखमीचे बदल ‘स्टँडर्ड चेंज’ म्हणून एकदाच मंजूर करून घेता येतात, त्यांना दर वेळी चेंज बोर्डासमोर जावं लागत नाही. गेल्या वर्षातले किती बदल या प्रकारात बसले असते, हे मोजून ऑडिटच्या लोकांपुढे ठेवा. आकडे दाखवल्यावर ते ऐकतात, ‘ॲजाइलमध्ये असं नसतं’ म्हटल्यावर नाही.

भोसरीत ऑटो कंपन्यांना पार्ट पुरवणारा आमचा कारखाना आहे. डिझाइन आणि डेव्हलपमेंटमध्ये १४ जण. बोर्ड लावलाय, रोज सकाळी उभ्यानं बैठक होते. पण नवीन पार्टचं काम ड्रॉइंगपासून पीपॅपपर्यंत (पार्टच्या उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी) काही महिने चालतं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ‘पूर्ण’ काय दाखवायचं? मोजायचं काय?

स्प्रिंटचा हट्ट सोडा. ज्या कानबान पद्धतीचा बोर्ड सॉफ्टवेअरवाले आज वापरतात, ती टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी घडवली. म्हणजे ती मुळात तुमच्याच धंद्याची आहे. तुम्ही काम किती दिवस अडकून राहतं तेवढं मोजा.

बोर्डावरच्या प्रत्येक कार्डावर, म्हणजे प्रत्येक पार्टवर, काम सुरू झाल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. ज्या दिवशी कार्ड हललं नाही त्या दिवशी सकाळच्या बैठकीत त्यावर स्केचपेननं एक ठिपका. पाच ठिपके झाले की लाल पट्टी, आणि बैठकीची सुरुवात लाल पट्टीच्या कार्डापासून. माणसामाणसाला ‘काल काय केलंस’ विचारत फिरू नका, उजवीकडच्या कॉलमपासून कार्डं पाहत डावीकडे या. संपत आलेलं काम आधी संपवायचं, म्हणून उजवीकडून.

कार्ड कशामुळे अडलं ते मागच्या बाजूला लिहा : टूल रूम, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, सीएमएमचा स्लॉट (हा मोजमापाच्या मशीनचा सीएमएम, वर हिंजवडीच्या उत्तरातला नव्हे), ग्राहकाची ड्रॉइंग मंजुरी. दोन महिन्यांनी कार्डं उलटी करून मोजा. टूल ट्रायलनंतरच्या दुरुस्तीसाठी पार्ट टूल रूमच्या रांगेत पडून राहतात असं निघालं, तर डिझाइनमध्ये एक माणूस वाढवून काही होणार नाही.

दुसरा आकडा हातातल्या पार्टचा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोपा आहे : हातात असलेली कामं भागिले महिन्याला पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी महिने. २८ पार्ट सुरू आणि महिन्याला ४ पीपॅप मंजूर होत असतील, तर नव्या पार्टला साधारण ७ महिने. १६ पार्टच सुरू ठेवले आणि महिन्याचे ४ तसेच राहिले, तर ४ महिने. नवं काम येण्याचा आणि जुनं संपण्याचा वेग जवळपास सारखा असला तरच हे गणित लागतं, ऑर्डरींची लाट आलेल्या महिन्यात लावू नका. २८ चे १६ करणं म्हणजे मार्केटिंगला आणि मालकांना ‘हा पार्ट पुढच्या महिन्यात सुरू करू’ असं सांगणं. तुमच्याकडे नवी पद्धत रुजली की नाही, ते या वाक्यावर मालक काय म्हणतात त्यावरून कळेल.

ठाण्याहून, एचआर विभागातून : टीमला ॲजाइलबद्दल काय वाटतं याचा निनावी सर्व्हे घेतो. सगळे ४ आणि ५ देतात. चहाच्या टपरीवर मात्र वेगळंच ऐकू येतं.

निनावीपणावर लोकांचा विश्वास नाही. लिंक प्रत्येकाच्या कंपनी ईमेलवर जाते, आणि सहा जणांच्या टीमचा निकाल वयोगट व अनुभवानुसार फोडला की कुणी काय लिहिलं हे मॅनेजरला दोन मिनिटांत कळतं. पाचपेक्षा कमी उत्तरं असतील तो गट दाखवूच नका, आणि हे सर्व्हेच्या पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न भावनेचे नको, घडलेल्या गोष्टींचे हवेत. ‘तुम्हाला मोकळेपणा वाटतो का’ याला सगळे हो म्हणतात. ‘गेल्या महिन्यात तारीख जमणार नाही असं कुणी उघड सांगितलं का? पुढे काय झालं?’ याचं उत्तर जपून दिलं तरी बोलकं असतं. स्पॉटिफायनं २०१४ मध्ये मांडलेली पद्धतही वापरून पाहा. टीमनं एकत्र बसून कोडची गुणवत्ता, रिलीजची सोय, वेग, मजा अशा विषयांना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड द्यायचं आणि सुधारतंय की बिघडतंय याचा बाण लावायचा. ते टीमच्या स्वतःच्या उपयोगासाठी आहे. टीमची तुलना किंवा अप्रेझलमध्ये उल्लेख, यातलं काहीही एकदा झालं की पुढच्या वेळी सगळी कार्डं हिरवी.

एका दिवसात, एकही आकडा न पाहता, टीम खरोखर ॲजाइल आहे की नाही हे ओळखता येतं का? (नाशिक)

बऱ्यापैकी. कुणाही एका डेव्हलपरला विचारा : हे वापरणाऱ्या माणसाशी तू शेवटचं कधी बोललास? अमेरिकेच्या डिफेन्स इनोव्हेशन बोर्डानं २०१८ मध्ये ॲजाइलचा नुसता देखावा ओळखायच्या खुणा काढल्या होत्या. टीममधलं कुणीच वापरकर्त्यांशी बोलत नाही, ही त्यातली ठळक खूण. नंतर बोर्डावरचं सगळ्यात जुनं टिकिट दाखवायला सांगा आणि ते का थांबलंय ते विचारा. लगेच कारण सांगितलं तर ठीक. ‘बघून सांगतो’ म्हणाले तर बोर्ड भिंतीच्या शोभेसाठी आहे. वेळ उरला तर स्प्रिंट रिव्ह्यूला बसा : चालतं सॉफ्टवेअर दाखवतात की पीपीटी?

मोजायला सुरुवात केल्यावर किती दिवसांत फरक दिसायला हवा? एक मोठा डॅशबोर्ड विकत घ्यायचा विचार आहे. (कोल्हापूर)

पहिले तीन महिने काहीही न बदलता मोजा, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्यानंतर एका वेळी एकच बदल. दर आठवड्याचा मधला आकडा एका रेषेवर मांडत जा. जुन्या मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग आठ ठिपके आले तर फरक खरा धरा. एक-दोन आठवड्यांच्या वरखाली होण्यावर मीटिंग बोलावू नका, दिवाळीच्या आठवड्यात आकडा बिघडणारच.

डॅशबोर्ड सध्या नको. जिरामध्ये कंट्रोल चार्ट आणि क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम हे आलेख आधीपासून आहेत, आणि ८५ टक्क्यांचा आकडा एक्सेलच्या पर्सेंटाइल फॉर्म्युल्यानं निघतो. तीन टीमच्या लोकांनी सहा महिने हा तक्ता स्वतः भरला, त्यातल्या तारखांवर भांडले, व्याख्या दोन-तीनदा दुरुस्त केल्या, की विकतच्या डॅशबोर्डमध्ये काय मागायचं ते त्यांनाच सांगता येईल.